ब्रेक मारला की उजवीकडे, सोडला की डावीकडे

आमच्या कराडच्या घरात दारामागे किल्ल्या अडकवायचा एक लाकडी मासा आहे. मी सातवीत असताना कार्यानुभवाच्या तासाला केलेला. माशाला चार हुक. पहिल्यावर घराची किल्ली, दुसऱ्यावर गच्चीची, तिसऱ्यावरची कुठली ते आता कुणालाच आठवत नाही, आणि चौथ्यावर गाडीची. २०२३ च्या दिवाळीनंतर त्या चौथ्या हुकवरच्या किल्लीला बाबांनी साडेचार महिने हात लावला नाही. खरं सांगायचं तर मी लावू दिला नाही. ही गोष्ट त्या साडेचार महिन्यांची. आणि म्हटलं तर एका रबरी नळीची, जिची लांबी जेमतेम दोन वीत भरेल.

गाडी २००९ ची. पांढरी, छोटी, पाच दारांची. कंपनीचं नाव सांगत नाही, पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी ही गाडी कधी ना कधी येऊन गेली असणार. बाबांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पावर गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, फंडाचे पैसे मिळाले, आणि आयुष्यभर एसटीने फिरलेल्या या माणसाने आधी ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि मग गाडी घेतली. त्या वयात शिकलेला माणूस गाडी कशी चालवतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. आरसे, सीट, हँडब्रेक, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. डॅशबोर्डच्या खणात एक वही. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. हवा भरली की तीही नोंद. या वहीची आम्ही घरात भरपूर टिंगल केलेली आहे. "बाबा, गाडी वहीवर चालते का पेट्रोलवर?" वगैरे.

तर २०२३ च्या गणपतीनंतर बाबांची फोनवर एक तक्रार सुरू झाली. गाडी ओढते. ब्रेक लावला की सरळ जात नाही. मी विचारलं, कुठल्या बाजूला? त्यावर त्यांनी काहीतरी सांगितलं, आणि माझ्या डोक्यात जे शिल्लक राहिलं ते एवढंच की, "कधी उजवीकडे, कधी डावीकडे."

माझं पोट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर चालतं. वापरणारा म्हणतो "कधी चालतं, कधी चालत नाही", आणि आम्ही मनातल्या मनात शिक्का मारतो की दोष वापरणाऱ्यात आहे. आमच्याकडे तर चालतंय ब्वा! बाबांच्या तक्रारीवर मी तोच शिक्का मारला. तरी कर्तव्य म्हणून सांगितलं, हवा बघा, अलाइनमेंट करून घ्या. त्यांनी दोन्ही केलं. आठ दिवसांनी पुन्हा फोन. "अजून ओढते रे."

इकडे ताईचा मला वेगळाच फोन. "बाबा बहात्तर वर्षांचे झालेत. मानेचा पट्टा असतो अधूनमधून. आता तूच सांग त्यांना." मी म्हटलं, सांगतो. म्हणजे गाडी काय म्हणतेय हे कुणी विचारायच्या आधीच आम्ही दोघांनी फोनवर निकाल लावून टाकला होता.

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी कुंभार्ली घाट.

आमचं गाव चिपळूणच्या पलीकडे. कराडहून पाटण, कोयनानगर, घाटमाथा आणि मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, हा रस्ता बाबांच्या पायाखालचा. त्या दिवशी गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी, मागे आई, बायको आणि मुलगी. घाटमाथ्यावर चहा झाला. उतार लागला. चार-पाच वळणं गेली आणि मला जळका वास आला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून मी काच वर केली. वास वाढला. बाबा म्हणाले, "गाडी डावीकडे ओढतेय बघ." मी म्हटलं, "बाबा, समोर बघा."

पुढच्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय नेहमीपेक्षा फार खाली गेला. मला ते दिसलं. आधी पाय दिसला आणि मग त्यांचा चेहरा. त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, असा तीन-चारदा. गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर. इंजिन किंचाळलं. मग डाव्या हाताने हँडब्रेक थोडा वर, थोडा खाली, पुन्हा थोडा वर. गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराच्या अलीकडे, दगडांना जवळजवळ टेकून उभी राहिली. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. मागे आई रामरक्षा म्हणत होती. मुलीला काय झालं ते कळलंच नव्हतं, ती विचारत होती, "आजोबा, माकडं आहेत का इथे?"

पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. एक टेम्पोवाला थांबला, पाण्याचा कॅन घेऊन आला, चाकावर ओतायला निघाला. बाबांनी त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकते, चिरते. त्या अवस्थेतही त्यांना ते सुचलं होतं. आणि मला काय सुचलं? मी सगळ्यांसमोर, त्या अनोळखी टेम्पोवाल्यासमोर म्हणालो, "बाबा, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतात का? पुरे आता. यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही."

ते काही बोलले नाहीत. किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि मागे आईशेजारी जाऊन बसले.

अर्ध्या-पाऊण तासाने चाक गार झालं. ब्रेक दाबून पाहिला तर एकदम टणक, जणू काही झालंच नव्हतं. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली उतरवली, ब्रेक जेमतेम वापरला. परतीचा रस्ता चढाचा, तिथे ब्रेक लागतातच किती. गाडी नीट चालली. म्हणजे माझा निकाल कायम!

तरी पुढच्याच आठवड्यात गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दिली. काचेचं ऑफिस, एसी, मशीनची कॉफी. टाय लावलेल्या मुलाने विचारलं, "सर, काय प्रॉब्लेम?" मी म्हटलं, "ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. आणि पुढून टक-टक आवाज येतो." त्याने संगणकात लिहिलं, 'गाडी ओढते. आवाज.' दोन दिवसांनी गाडी परत. पुढचे ब्रेक पॅड नवे, मागचे लायनर नवे, बिल साधारण अकरा हजार. चारही शॉकअप गेलेत, ते बदलले की आवाज जाईल, त्याचं एस्टिमेट सव्वीस हजार. "आणि सर, टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओढत वगैरे नाही." मीही एक चक्कर मारली. खरंच ओढत नव्हती.

मग ते साडेचार महिने. मी महिन्यातून एकदा पुण्याहून यायचो, बॅटरी उतरू नये म्हणून दारातच गाडी चालू करून दहा मिनिटं ठेवायचो. बाबा ओट्यावर पेपर वाचत बसायचे. पान उलटायचे नाहीत, हे मला नंतर आठवलं. बाजारात रिक्षाने जायला लागले. वाचनालयात जायचे ते बंद झाले, कारण ते नदीच्या बाजूला, लांब. आईने एकदा हळूच सांगितलं, "झोपेत उजवा पाय हलवतात." मी हसण्यावारी नेलं.

एप्रिल २०२४ मध्ये ठरवलं की गाडी विकून टाकू. पंधरा वर्षं होत आली होती, नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पुन्हा फिटनेस आणि आरटीओच्या खेपा. फक्त तो टक-टक आवाज काढला तर चार पैसे जास्त येतील, म्हणून हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. साठीचे गृहस्थ. कानात कापसाचा बोळा, तरीही त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"गाडी कोन चालवतंय?"

"वडील चालवायचे. आता बंद केलंय. फक्त आवाज काढायचाय, गाडी विकायची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इकायची म्हनून आवाज काढायचा, का आवाज हाय म्हनून इकायची?"

मला उत्तर देता येईना. मग मी घाटातला सगळा किस्सा सांगितला. वास, धूर, पाय खाली जाणं. सर्व्हिस सेंटरचं बिल दाखवलं. त्यांनी बिल वाचलं नाही. म्हणाले, "उद्या वडलास्नी घिऊन या. मला चालवनाऱ्याकडनं ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीतली ती वही काखेत धरून आले. मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं. "बसा काका. काय हुतंय गाडीला?"

बाबा म्हणाले, "ब्रेक मारला की उजवीकडे जाते. सोडला की डावीकडे. थंड असताना नाही. दहा-बारा वेळा ब्रेक वापरून झाल्यावर."

मिस्त्री पान्हा पुसत होते, ते थांबले. "पुन्यांदा सांगा."

बाबांनी पुन्हा सांगितलं, तेच शब्द, त्याच क्रमाने.

"काका," मिस्त्री म्हणाले, "निम्मी गाडी तुमीच दुरुस्त केली की. ह्ये कुनाला सांगितलं न्हवतं का आधी?"

बाबांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. मी वाकून पाहिलं. ऑक्टोबरची नोंद. किलोमीटर, आणि पुढे त्यांच्या गोल अक्षरात: 'ब्रेक दाबताच उजवीकडे, सोडल्यावर डावीकडे. गरम झाल्यावरच. चि. ला फोनवर कळविले.'

चि. म्हणजे मी.

त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. त्यातला 'दाबताच' आणि 'सोडल्यावर' मीच गाळला होता आणि 'कधी इकडे, कधी तिकडे' करून ठेवलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने माझ्या वाक्याचं आणखी आखूड वाक्य केलं, 'गाडी ओढते'. प्रत्येक हातबदलीत थोडं थोडं गळत गेलं आणि शेवटी मेकॅनिकपर्यंत पोचलं तेव्हा त्यात काही उरलंच नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं पॅड बदलले. दुसरं काय करणार?

मग मिस्त्रींनी बाबांना स्टिअरिंगवर बसवलं, स्वतः शेजारी बसले, मला मागे. साडेचार महिन्यांनी बाबांनी किल्ली फिरवली. सर्व्हिस रोडवर बाराएक वेळा गाडी वेगात नेऊन ब्रेक मारायला लावला. "ताप आल्यावर थर्मामीटर लावायचा असतोय साहेब. गार गाडी तपासून काय कळनार?" आठव्या-नवव्या ब्रेकला मला मागच्या सीटवर बसूनही जाणवलं. दाबताना पुढचं तोंड किंचित उजवीकडे. सोडल्यावर डावीकडे. अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे.

शेडमध्ये आल्यावर ते चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेत फिरले, न टेकवता. पुढचं डावं चाक भट्टीसारखं. मग ते चाक जॅकवर उचलून, खाली ठोकळा लावून, बाबांना ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. बाबांनी पाय काढला तरी चाक फिरेना. आता इथे दोनच मोठे संशयित. एक, कॅलिपरमधला पिस्टन किंवा त्याच्या पिना गंजून अडकल्यात. दोन, पिस्टन ठीक आहे पण मागचा दाब सुटत नाहीये. मिस्त्रींनी आधी बॉडीकडचा लोखंडी पाईप जिथे रबरी नळीला जोडतो तो सांधा सैल केला. एक थेंब आला, चाक तसंच घट्ट. सांधा पुन्हा आवळला. मग कॅलिपरवरचं निपल उघडलं. ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक बोटाने फिरायला लागलं.

म्हणजे सांध्याच्या वर दाब नाही आणि निपलच्या जागी दाब आहे. मध्ये काय? ती रबरी नळी.

नळी काढून त्यांनी पात्याने उभी चिरली. बाहेरून धडधाकट, एक चीर नाही. आतलं अस्तर मात्र फुगून आलेलं, मधलं भोक सुईच्या नेढ्याएवढं उरलेलं. आता गंमत बघा. गच्च भरलेल्या एसटीत चढताना मागून लोक ढकलतात म्हणून आपण कसेबसे आत जातो. उतरायच्या वेळी ढकलायला कुणी नसतं, मग आपण अडकतो. ब्रेक ऑइलचं तसंच. पाय दाबला की जोर मोठा, म्हणून ऑइल त्या नेढ्यातून चाकाकडे जातं, पण उशिरा. तेवढ्या वेळात उजवं चाक आधी धरतं आणि गाडी उजवीकडे जाते. पाय काढला की परत ढकलणारं फक्त पिस्टनभोवतीचं रबरी सील, त्याचा जोर तो केवढा? उजवं चाक लगेच सुटतं, डावं धरूनच राहतं. गाडी डावीकडे. गाडी तापली की रबर आणखी फुगतं. दोन उलट्या वाटणाऱ्या तक्रारींचं कारण एकच.

आणि घाटात झालं ते असं. पाय ब्रेकवर असो वा नसो, डावं चाक धरलेलंच. त्याचं तापमान चढत गेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरलं की ते लवकर उकळतं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. आमच्या गाडीतलं ऑइल किती वर्षांचं होतं विचारू नका. मी दर वेळी वरून थोडं ओतत आलो होतो, बदललं कधीच नव्हतं. ते कॅलिपरमध्ये उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली गेला. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून ब्रेक पुन्हा टणक. गुन्हेगार पुरावा पुसून पसार!

"घाटात काय केलासा काका?" मिस्त्रींनी विचारलं.

"पंप केला. गिअर उतरवला. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढला."

"एकदम ओडला आस्ता तर मागची चाकं जाम हून गाडी फिरली आस्ती," मिस्त्री माझ्याकडे बघत म्हणाले. बाबांकडे बघून नाही.

तो हँडब्रेक खाली-वर होताना मी पाहिला होता. मला वाटलं होतं, हात थरथरतोय.

आवाजाचंही सांगतो, कारण सव्वीस हजारांचा प्रश्न होता. मिस्त्रींनी गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. प्रत्येक कोपरा एकदा वर येऊन गप्प बसला. वाकून पाहिलं, शॉकअपवर ऑइलचा ओघळ नाही. "शॉकअप हाइत अजून." मग चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, बॉल जॉइंट घट्ट. डावी-उजवीकडे धरून हलवलं, स्टिअरिंगचे सांधे घट्ट. शेवटी टॉमी घालून लोअर आर्म रेटला, तेव्हा तोच आवाज आला. टक! आर्मचं मागचं बुश फाटलेलं. ब्रेक मारला की आर्म मागे सरकायचा आणि आपटायचा. ते म्हणाले, नुसत्या फाटक्या बुशनेही गाडी ओढू शकते, म्हणून एक कारण सापडलं की लगेच हात धुवायचे नसतात.

दुरुस्ती दोन तासांची. पुढच्या दोन्ही नळ्या नव्या, कारण एक गेली तर तिची जुळी बहीण मागोमाग जाणार. कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस. बुश नवं. जुनं ऑइल काढलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. नवं भरून एअर काढायचं काम दोन माणसांचं असतं, एक चाकाशी, एक पेडलवर. मी पुढे झालो तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, काका बसत्यात." मग कितीतरी वेळ ती हाळी चालली होती. "दाबा." "दाबलं." "धरा." "धरलं." निपल उघडायचं, बुडबुडे यायचे, निपल बंद. "सोडा." "सोडलं." चार चाकं, प्रत्येकाला सात-आठदा. ज्या पायावर मी भर घाटात अविश्वास दाखवला होता त्या पायाच्या भरवशावर चाकाशी बसलेला माणूस काम करत होता, आणि बाबांनी एकदाही सांगायच्या आधी पाय सोडला नाही. मी शेडच्या खांबाला टेकून उभा होतो. करण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे बघावं लागलं.

बिल तीन हजार चारशे. अलाइनमेंटचे वेगळे.

घरी येताना बाबांनीच चालवली. मी माफी मागायची असं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा काहीतरी वेगळंच बोललो. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे बाप-लेकात या गोष्टी कशा होतात ते. होतच नाहीत. रात्री वही उघडून पाहिली. नवी नोंद होती: 'ब्रेकच्या नळ्या, ऑइल, बुश बदलले. दोष नळीत होता.' खाली रेघ नाही, उद्गारचिन्ह नाही. मी असतो तर दोन रेघा मारल्या असत्या.

गाडी विकली नाही. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली.

मे महिन्यात पुन्हा गावी निघालो. घाटमाथ्यावर चहा झाल्यावर बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "घाट तू उतरव."

मी घाईघाईने म्हणालो, "अहो बाबा, ब्रेक आता एकदम चांगले आहेत..."

"ब्रेकचं नाही म्हणत मी. घाटात वळणं घेऊन घेऊन आता मान भरून येते. सपाटीवर काही वाटत नाही. कराडात मी चालवीन, हायवेला चालवीन, घाट तू." मग चहाचा कप ठेवत म्हणाले, "हे मी ठरवलंय."

तो 'मी' मला बराच वेळ ऐकू येत राहिला. नोव्हेंबरमध्ये मी जे हिसकावून घेतलं होतं त्यातलं थोडं त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं. कदाचित विचारलं असतं तर तेव्हाही दिलं असतं.

उतरताना ते शेजारी बसून मुलीला गणित घालत होते. ही गाडी, माणसं, सामान मिळून समजा अकराशे किलो. पाचशे मीटर खाली उतरतोय असं धर. किती ऊर्जा? तिला जमेना, मलाही नाही. "साधारण दीड युनिट," बाबा म्हणाले. "एक किलोवॅटची इस्त्री दीड तास चालेल एवढी. आम्ही इथेच खाली पोफळीला पाणी याच डोंगरातून खाली सोडून वीज करायचो. पाण्याची वीज होते, गाडीची उष्णता होते. ती सगळी ब्रेकमध्ये घालायची नाही, थोडी इंजिनाला द्यायची." आणि मग माझ्याकडे न बघता, "दुसरा टाक."

मी दुसरा टाकला. गाडी सरळ उतरत होती. दाबला तरी सरळ, सोडला तरी सरळ.

असो.

ता. क. : ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, नुसतं वरून ओतू नका. गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली असेल तर रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात म्हणून सोडून देऊ नका. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि घरातलं वयस्कर माणूस गाडीबद्दल (किंवा गुडघ्याबद्दल, किंवा कशाहीबद्दल) काही सांगत असेल तर ते शब्दशः लिहून घ्या, स्वतःच्या शब्दांत नको. ताई, हे तुलाही लागू आहे :-)